डावीकडची दोन दारं

अण्णा मयेकरांचा धंदा रत्नागिरीत त्यांच्याआधी कोणी केला नव्हता आणि त्यांच्यानंतरही कोणी केल्याचं मी ऐकलं नाही. ते मोटारींच्या दारांची आणि काचांची रबरं साफ करत. फक्त रबरं. गाडी धुणं, पॉलिश, इंजिन, यातल्या कशालाही ते हात लावत नसत. कुणी म्हणालं, "अण्णा, आलाच आहात तर टपावरून जरा फडकं मारा," की ते टपाकडे एकदा बघत आणि सांगत, "टप तुमचा. माझा रबर तेवढा."

कोकणात चार महिने गाडी उभी ठेवून बघा, म्हणजे या धंद्याची गरज कळेल. ऐंशीच्या दशकातल्या त्या रत्नागिरीत गाड्या होत्याच मुळी थोड्या. डॉक्टर, वकील, आंब्याचे व्यापारी आणि सरकारी साहेब एवढ्यांच्या. पावसाळ्यात त्या फणसाखाली नाहीतर पत्र्याच्या आडोशाला उभ्या राहत आणि श्रावणात ऊन दिसेपर्यंत काचेखालच्या रबरावर हिरवं शेवाळ धरलेलं असे. दाराच्या कडेच्या रबरावर काळे ठिपके पडत आणि दार उघडलं की आत कुबट वास. मी मिरजेचा. शेवाळ विहिरीला येतं एवढंच मला ठाऊक. मोटारीला शेवाळ आलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते नानासाहेब वकिलांच्या फियाटवर.

नानासाहेब माझे घरमालक. कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक म्हणून मी नवा नवा लागलो होतो आणि त्यांच्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत राहत होतो. विषय कुठला ते मुद्दाम सांगतो आहे. रसायनशास्त्र. ते सांगितल्याशिवाय माझी खरी लायकी लक्षात यायची नाही.

नागपंचमी झाली की एका सकाळी अण्णा फाटकात उभे राहत. खाडीपलीकडच्या भाट्याहून चालत येत. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, खांद्याला मेणकापडाची पिशवी. ठेंगणे, रुंद आणि पाय किंचित फाकवून उभे राहणारे. बावीस वर्षं बोटीवर काढली होती. बोटीच्या गोल खिडक्यांना रबराची कडी असते, तिची देखभाल खलाशांच्या मुकादमाने, म्हणजे सारंगाने, त्यांच्याकडे दिली होती. "आमचा सारंग सांगायचा, मयेकर, ह्या कडीच्या आत मानूस हाय आनि भायर दर्या हाय. त्यान शिकवलान मला. मारून शिकवलान, पन शिकवलान."

पिशवीत हत्यारं अशी काही नव्हती. बांबूच्या चपट्या काड्या, जुन्या धोतराचे तुकडे, रिठे, ग्लिसरीनची बाटली आणि दोन बाटल्या घरच्या शिरक्याच्या. माडाची माडी आंबवून तो त्यांची बायको करायची. आणि दात घासायचे जुने ब्रश, वीसएक तरी. ते अण्णा गिऱ्हाइकांकडूनच गोळा करत आणि उकळून घेत. आमच्या आळीत त्यामुळे जुना ब्रश कोणी टाकत नसे. नानासाहेबांच्या पत्नीने, म्हणजे नानींनी, एकदा चार ब्रश आणून दिले. अण्णांनी एक उचलून उन्हात धरला आणि विचारलं, "वैनी, ह्या ब्रशाचा मालक दात घासतो का ब्रश चावतो?" तो ब्रश नानासाहेबांचा होता. नानी पदर तोंडाला लावून आत पळाल्या, आणि ओटीवर पेपर वाचत बसलेल्या नानासाहेबांनी पेपर जरा वर धरला.

एका गाडीला अण्णांना सहा-सात दिवस लागत. पहिल्या दिवशी नुसतं बघणं. रबर अंगठ्याने दाबत, नखाने टोकरत, नाक लावून वास घेत. "हिरवा दिसतो ना सर, ता शेवाळ. गरीब हाय बिचारा. पान्यान येतो, ब्रशान जातो. ह्यो काळा ठिपका बघा. ह्यो बुरा, तुमची बुरशी. ह्यो रबराच्या पोटात शिरतो. ह्याला दम धरून काढायला लागतो." मग दाराच्या रबराला शिरक्याची पट्टी गुंडाळून ठेवायची, तापलेल्या कपाळावर ठेवतात तशी. दुसऱ्या दिवशी ब्रश, रिठ्याचं पाणी, मग साधं पाणी. बांबूच्या काडीला कापड गुंडाळून खाचेतली घाण काढायची. दारं उघडी टाकून सावलीत वाळवायचं. पुन्हा शिरका. अगदी शेवटी ग्लिसरीनचा हात. दोन दारं पुरी झाल्याशिवाय उरलेल्या दोन दारांना ते शिवत नसत. उजवीकडची आधी, डावीकडची मागाहून, हा क्रम कधी बदलला नाही.

एका मोठ्या सरकारी साहेबाचा ड्रायव्हर एकदा त्यांना बोलवायला आमच्या फाटकातच आला. साहेबांना संध्याकाळी दौऱ्यावर जायचं होतं, तासाभरात रबरं करून हवी होती. अण्णा हातातलं काम न सोडता म्हणाले, "तुमच्या सायबांना सांगा, दाढी धा मिन्टांत व्हते. जखम भरायला दिवस लागतात." ड्रायव्हर म्हणाला, "असं कसं सांगू?" अण्णा म्हणाले, "मंग नका सांगू. पन मी येनार नाय." ड्रायव्हर गेला. नानासाहेबांनी ही गोष्ट कोर्टातल्या बाररूममध्ये इतक्या वेळा सांगितली की त्या वर्षी अण्णांना चार गिऱ्हाइकं वाढली. गावातल्या वकील-डॉक्टरांच्या शब्दावर त्यांचा धंदा उभा होता. पाटी नव्हती, दुकान नव्हतं. 'अण्णांचा हात' एवढंच भांडवल.

माझ्यावर त्यांचा लोभ जडला तो शिरक्यामुळे. बुरशी शिरक्याने का मरते, असं त्यांनी मला विचारलं. मी मोठ्या ऐटीत त्यांना अ‍ॅसिटिक आम्ल समजावून सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि पुढे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागले, "ह्याच्यात अ‍ॅसिटिक असतो. आमचे कॉलेजचे सर सांगतात." मग एकदा त्यांनी विचारलं, "सर, रबराला तेल लावला तर काय व्हतो?" मी म्हणालो, "फुगतं. खनिज तेल तर अजिबात नको. पेट्रोल, रॉकेल, काहीच नको. रबर सुटतं, मऊ पडतं." अण्णांनी खुशीत मान हलवली. "आमचा सारंग पन हाच सांगायचा. शिकलेला नव्हता, पन हाच सांगायचा."

हे मी त्यांना माझ्या तोंडाने सांगितलं होतं. वर्गात तर दर वर्षी शिकवत होतो.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. श्रावणात नानासाहेब डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नानींना घेऊन मुंबईला गेले. जाताना गाडीची किल्ली माझ्याकडे दिली. अधूनमधून गाडी चालू करा, कुठे जायचं तर खुशाल न्या आणि अण्णा आले की त्यांना दारं उघडून द्या, असं सांगून गेले. अण्णा आले. उजवीकडची दोन दारं झाली. चौथ्या दिवशी त्यांच्याऐवजी भाट्याचा एक शेजारी निरोप घेऊन आला, की अण्णांच्या घरात बायको तापाने पडली आहे, चार-पाच दिवस यायला जमणार नाही, डावीकडच्या दारांना तोवर कोणी हात लावू नये.

नेमकं त्या रविवारी पुण्याहून एक मोठे प्राध्यापक कॉलेजात व्याख्यानाला यायचे होते. त्यांना नि प्राचार्यांना मी गणपतीपुळ्याला नेतो असं कबूल करून बसलो होतो. गाडी माझी नव्हती हे मी प्राचार्यांना सांगितलं होतं, पण पाहुण्यांना सांगायची गरज आहे असं मला वाटलं नव्हतं. आणि डावीकडची दोन्ही दारं काळ्या ठिपक्यांनी भरलेली. पाहुणे डावीकडूनच बसणार.

शनिवारी दुपारी मी स्टोव्हचं रॉकेल वाटीत ओतून घेतलं. असं का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मिरजेला आम्ही सायकलीपासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळं रॉकेलनेच पुसत आलो, हात त्या सवयीने गेला. डोक्यात होतं ते हातात उतरलं नाही. आणि खरं सांगायचं तर डोक्यातही आलं होतं. वाटी हातात असताना क्षणभर आलं होतं. मी स्वतःला म्हणालो, एकदा पुसल्याने काय होतंय. दहा मिनिटांत दोन्ही दारांची रबरं काळीभोर, चकचकीत झाली. अण्णांना तीन-चार दिवस लागतात ते आपण दहा मिनिटांत केलं, असंही मनात येऊन गेलं. ते आठवलं की मला माझी फार लाज वाटते.

रविवार झकास गेला. पाहुणे म्हणाले, "गाडी छान ठेवली आहे तुम्ही." मी "हो, जरा लक्ष द्यावं लागतं," असं म्हणालो.

बुधवारपर्यंत रबर फुगलं. खाचेतून जागोजाग बाहेर आलं. बोट लावलं की बोट काळं होई. मी ते दाबून दाबून आत बसवलं आणि दारं लावून टाकली. त्याच संध्याकाळी नानासाहेब परतले, डोळ्याला हिरवं कापड लावून. गुरुवारी अण्णा यायच्या आधीच ते गाडी घेऊन कोर्टात गेले, शेजारच्या एका वकिलाला चालवायला सांगून. पाऊस दिवसभर कोसळला. कोर्टाबाहेर उभ्या गाडीत डावीकडच्या मागच्या दारातून पाणी शिरलं, आणि त्या दाराशी सीटवर एका अशिलाची पिशवी होती. आत जमिनीचे मूळ कागद. शाई अशी पसरली की सही कुठली आणि शिक्का कुठला हे कळेना.

संध्याकाळी अण्णा आले. बायकोचा ताप उतरला होता; तिच्या आजारपणाचं नानासाहेबांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. पिशवी खांद्याला, हातात नानींसाठी अळूची पानं. मी ओटीच्या पायऱ्यांवर चहाचा कप घेऊन उभा होतो. नानासाहेब पोर्चमध्ये वाटच बघत होते. त्यांनी लोंबणारं रबर हातात धरलं, ते तुटून त्यांच्या हातात आलं.

"हे काय केलंस अण्णा?"

अण्णांनी पानं पायरीवर ठेवली. वाकून त्या दाराला नाक लावलं. मग पुढच्या दाराला लावलं. सरळ झाले आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी आता बोलेन याची खात्री असल्यासारखं बघितलं.

"साहेब, ह्या दोन दारांना माझा हात लागला नाय."

"मग कोणाचा लागला? घरात होतं कोण? हे सर होते, ते काय रबरं पुसत बसणार आहेत?"

अण्णा माझ्याकडेच बघत होते. शेजारचे दोघे कुंपणाशी येऊन उभे राहिले होते. नानी दारात. मला फक्त "मी" एवढंच म्हणायचं होतं. मी चहा प्यायलो. थंड झालेला चहा मी घोट घोट करून सगळा प्यायलो.

"घरचं आजारपण, आणि तू घाई केलीस," नानासाहेब म्हणाले. "वरून खोटं बोलतोस. बोट सुटली तेव्हाच हात गेला तुझा. पुन्हा येऊ नकोस."

अण्णांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांनी ते का घेतलं नाही यावर मी पुढे पुष्कळ विचार केला. मला वाटतं, ते माझं काम आहे असं त्यांनी धरलं होतं. दुसऱ्याच्या वाटणीच्या दाराला ते हात लावत नसत. पिशवी उचलून ते फाटकातून गेले. अळूची पानं पायरीवरच राहिली. नानींनी ती उचलली नाहीत. दुसऱ्या दिवशी मीच उचलून कुंपणापलीकडे टाकली.

उद्या सांगू, असं मी त्या रात्री ठरवलं. मग नानासाहेबांचा डोळा बरा होऊ दे म्हणालो. मग गणपती होऊ देत. मग इतके दिवस गप्प का बसलात असं ते विचारतील, या भीतीने तर सगळंच अवघड होऊन बसलं. बाररूममध्ये जी गोष्ट नानासाहेब कौतुकाने सांगत, तिच्या जागी आता ही सांगू लागले. पुढच्या श्रावणात अण्णांना कुठल्या वकिलाने बोलावलं नाही, डॉक्टरांनीही नाही. एक आंबेवाला राहिला होता, तोही त्याच्या पुढच्या वर्षी सुटला. मी त्यांना एकदा बाजारात पाहिलं, नारळ सोलायच्या कामावर होते. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात शिरलो. त्या दुकानात बांगड्या मिळत. माझं लग्न झालं नव्हतं. दुकानदाराने काय हवं विचारलं.

पाच वर्षं गेली. नानासाहेब घर बंद करून पुण्याला मुलीकडे राहायला गेले. मी एक जुनी गाडी घेतली. मग माझी दुसऱ्या कॉलेजात बदली झाली. सामान बांधून झाल्यावर माझ्या मनात आलं की आता सांगायला काय हरकत आहे. आता काही बिघडणार नव्हतं. हा विचारही कसा हिशेबी होता बघा.

भाट्याला त्यांचं घर शोधावं लागलं नाही. अण्णा घरापुढच्या खळ्यात काथ्याचं सुंभ वळत बसले होते. केस पांढरे झाले होते, बाकी तसेच. "सर!" म्हणाले आणि उठले. मी खाली बसलो. कशी सुरुवात करावी याची तयारी करून गेलो होतो, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, ती डावीकडची दारं. रॉकेल मी लावलं होतं."

"ता मला म्हाईत हाय," अण्णा म्हणाले. "वास येत व्हता की. तुमच्या हातालापन येत व्हता."

मी माफी मागितली.

"माझा काय नाय सर. काम गेला, दुसरा मिळाला. पन आमच्या घरात ती गेली ना दोन वर्षांपूर्वी, तिला शेवटपर्यंत वाटायचा, तिच्या तापापायी मी घाई केली आनि माझा नाव गेला. मी सांगायचो, बाय, मी हात लावला नाय त्या दारांना. तिला वाटायचा, मी तिची समजूत घालतोय. रडायची. तुमी एकदा येऊन तिला सांगितलं असतंत तर ऐकली असती. कॉलेजचे सर सांगतात म्हटल्यावर ऐकली असती."

अण्णांनी सुंभाचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं.

"आता एक करा," ते म्हणाले. "पोरगा मुंबैसून आलाय रजेवर. त्यालापन तसाच वाटतो. बापाचा हात गेला, चूक झाली, आनि बाप कबूल करीत नाय. तोंडान बोलत नाय, पन मला समाजतो. त्याला तेवढा सांगा. माझ्यासमोर सांगा." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी हाक मारली. "बाळा, भायर ये. सर आलेत. तुला कायतरी सांगायचा हाय त्यांना."

मुलगा बाहेर आला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. मला बघून वाकून पायाच पडला. "सर, आमच्या शेजारचा प्रकाश तुमच्या हाताखाली शिकला. तुमचं किती नाव काढतो. असा सरळ माणूस पाहिला नाही म्हणतो. बोला ना सर, काय सांगायचं होतं?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. पोर्चमध्ये बघितलं होतं तसंच.

"काही नाही," मी म्हणालो. "बदली झाली. जाताना म्हटलं, भेटून जावं."

मुलगा आनंदला. चहा घेऊनच जा म्हणाला आणि आत गेला. आम्ही दोघेच राहिलो. अण्णांनी सुंभ उचललं, दोन पीळ दिले, खाली ठेवलं. चहा आला, मी तो प्यायलो.

निघालो तेव्हा वाट अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, कंबरेएवढ्या दगडी भिंती. गाडी मागे घेत बाहेर काढायची होती. आरशात बघितलं तर अण्णा मागे जाऊन गडग्याला पाठ लावून उभे होते. एक हात वर. "येऊ द्या सर, येऊ द्या... डावीकडे सांभाळा... येऊ द्या." माझ्या गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून तो माणूस मला रस्त्याला लागेपर्यंत हात दाखवत राहिला.